जिनातला मुर्द्यांचा खेळ

भूतखेत, आत्मा, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं आहे. शिवाय छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरात अशा गोष्टींना जागाच उरली नव्हती. बाबांनी देव्हारा रिकामा केला, तेव्हापासून अंगारे-धुपारे बंद झाले ते कायमचे. तरीही एक गोष्ट आहे, जी मला कुठेच बसवता आलेली नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

निमित्त झालं नातीचं. मागच्या महिन्यात ती कॉम्प्युटरवर एक गेम खेळत होती. मेलेली माणसं हात पुढे करून संथपणे चालत येतात... त्यांच्या हाती लागायचं नाही, आणि कोडं सुटल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मी मागे उभी राहून बघत होते. तिच्या शेजारी खाली बसले. कारण जवळजवळ हाच खेळ मी लहानपणी अमरावतीला खेळले आहे. माझ्या भावाने तो बनवला होता.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. बडनेरा रस्त्यावरच्या एका जिनिंग फॅक्टरीत — आमच्याकडे नुसतं जिन म्हणतात — बाबा हमाल होते. मागच्या चाळीत आम्ही राहायचो : बाबा, माय, माझा मोठा भाऊ दौलत आणि मी. दादा बारा वर्षांचा, मी दहाची. हंगाम संपला की कापसाची तीन गोदामं उन्हाळाभर रिकामी पडायची. एकातून दुसऱ्यात जायला दारं होती. दादाने तिथेच हा खेळ काढला.

एकाने मुर्दा व्हायचं. डोळे वर, हात ताठ पुढे, पाय ओढत चालायचं. मुर्दा भरभर चालू शकत नाही, पण थांबतही नाही. त्याने शिवलं की तुम्हीही मुर्दा, आणि तो घालेल त्या कोड्याचं उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. कोडी आपणच रचायची. हे कुठून सुचलं त्याला, कोण जाणे. मोठ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. गोदामात जायचीच बंदी होती, त्यामुळे घरी अवाक्षर काढायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

दादा कधी सापडायचा नाही, आणि माझी कोडी तर चुटकीसरशी सोडवायचा. पण मे महिन्यातल्या एका दुपारी मुर्दा होऊन मी त्याला तिसऱ्या गोदामाच्या कोपऱ्यात गाठलंच. शिवले, आणि सकाळीच रचलेलं कोडं घातलं —

"पांढऱ्या घरात काळी बाई, घर नेलं तरी बोलत नाई."

त्याला येईना! हात तसेच पुढे धरून तो विचार करत राहिला. तेवढ्यात मायने पाण्यासाठी हाक मारली. मी हसत पळत सुटले आणि दारातून ओरडले, "राह्य आता मुर्दाच! उद्या सांगजो."

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. माय त्याच्याजवळ दवाखान्यात राहिली, मला तिकडे नेलंच नाही. बाराव्या दिवशी पुढे बाबा आणि मागून माय, असे दोघंच घरी परत आले.

तो कशाने गेला, हे आज मला नीट कळतं. पण दहा वर्षांच्या मला एकच कळत होतं... मी त्याला मुर्दा केलं आणि तसंच ठेवून पळून आले. हे कुणाला सांगायची हिंमत नव्हती. मी जेवेनाशी झाले. लोक म्हणायचे, भावाचा जीव होता पोरीवर.

त्या गोदामांकडे मायला बघवेना, म्हणून बाबांनी अकोल्याला एका कचेरीत शिपायाची नोकरी धरली. जठारपेठेत भाड्याची खोली घेतली. दादाने ती खोली कधी पाहिलेली नव्हती.

तिथली एक दुपार. मी शाळेतून आले, तर माय सतरंजीवर उठून बसलेली. चेहरा वेगळाच. दादा गेल्यापासून ती धड बोलत नव्हती, पण त्या दिवशी आपणहून म्हणाली, "शांते, दौलत आला होता."

मी दप्तर खाली ठेवून तिच्याजवळ बसले.

तिने सांगितलं ते असं. ती आडवी झाली होती, डोळा लागला नव्हता. तो दारातून भरभर आला, हात मोकळे सोडून, शाळेतून यायचा तसा. पायाशी बसला.

"म्हणे, शांतीले सांगजो, सरकी. इतकंच बोलला अन् हासला. सरकी काहून पाहिजे तुले? आपल्या घरी गाय बी नाई."

सरकी म्हणजे कापसाचं बी. जिनात कापूस काढून घेतला की मागे उरतं ते, गाईम्हशींना खायला घालतात. माझ्या कोड्याचं तेच उत्तर होतं.

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. गोदाम, खेळ, कोडं. म्हटलं, माय, मीच त्याला तसा सोडून आले होते. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. "येडी हायेस का तू? पोरं तापानं जातात," म्हणाली. मग हळू आवाजात विचारलं,

"माह्यासाठी काई नव्हतं?"

तापाच्या भरात दादा हे बरळला असेल आणि मायच्या मनात कुठेतरी राहिलं असेल, असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. मायला विचारलंही होतं. ती म्हणाली, दवाखान्यात तिसऱ्या दिवसापासून त्याची वाचाच गेली होती, आणि त्याआधी तो फक्त पाणी मागायचा. शिवाय ते भरभर चालणं, ते मोकळे हात... मुर्दा तसा चालत नाही, हा नियम मायला ठाऊक नव्हता.

मी त्या दिवसापासून जेवायला लागले. माय मात्र रोज दुपारी त्याच जागी आडवी व्हायला लागली. दाराकडे तोंड करून. कुणी हाक मारली तरी उठायची नाही.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मला ते पाहवेना. एका दुपारी तिच्याजवळ बसून मी म्हणाले, माय, दादा माझ्या स्वप्नात आला होता, तुझी आठवण काढत होता. आयुष्यात तिच्याशी बोललेलं ते एकच खोटं.

तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"नको शांते. तो आला असता तर मले कयलं असतं."

आणि ती भिंतीकडे सरकली, शेजारी एका पोरापुरती जागा करून.

त्याच महिन्यात ती गेली. तिला तो पुन्हा दिसला नाही. सरकीचा निरोप आला त्या दुपारी खोलीत काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगू का, ते मी आता शोधतही नाही. माझ्यासाठी त्याला एक शब्द आणता आला... मग तिच्यासाठी का नाही, एवढंच कुणी सांगितलं तर हवं आहे.