ओल्या ढोलाची सलामी

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांचा माणूस नाही. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवलं. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडपासून वणी-राजूरपर्यंत कुठल्या कुठल्या शाळेच्या ओसरीवर आणि मारुतीच्या पारावर पथारी टाकली, त्याचा पत्ता नाही. स्मशानाला लागून असलेल्या आमराईतही झोपलोय... डासांशिवाय कोणी त्रास दिला नाही. कोणी म्हटलं, "तिथं एक बाई दिसते," की मी विचारायचो, "जेवायले वाढते काय?" माझ्या जिभेला हाड नाही असं बायको अजून म्हणते, आणि ते खरंच आहे.

तरी हे लिहून पाठवतोय. टाईप नात करतेय, आणि मधूनमधून थांबून "आबा, खरंच?" म्हणून विचारतेय. खरंच गं बाई. तू लिही.

वर्ष बासष्ट असावं, एखादं मागंपुढं. मी एकोणीस-वीस वर्षांचा. आमचा बँड पांढरकवड्याचा, सात माणसांचा. लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या, आणि पायात मात्र ज्याची त्याची झिजकी चप्पल. कोट पत्र्याच्या पेटीत, पेटी एसटीच्या टपावर, आणि पेटीवर नजर ठेवायला आमच्यातला एक जण खिडकीतून मान बाहेर काढून बसलेला. वैशाखात एकेका दिवशी दोन-दोन लग्नं. एका मांडवातली बुंदी हातावर घेऊन दुसऱ्या मांडवाकडे पळायचं. ओठ सुजायचे, पण मजा होती. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

बँडचे मुख्य कासमचाचा. ढोल त्यांच्याकडे. माझा बाप मी अकराचा असताना गेला, त्यानंतर माझ्या हातात क्लॅरनेट दिलं ते या माणसानं. फुंकर कशी धरायची इथपासून चारचौघांत कसं बसायचं इथपर्यंत सगळं त्यांचंच शिकवलेलं. नात्यानं काही नव्हते, पण माझी आई त्यांना राखी बांधायची. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट तरुणपणी कापसाच्या यंत्रात अर्धं गेलेलं. त्यामुळं त्यांची डावी थाप जराशी हलकी आणि केसभर उशिरा पडायची. दुसऱ्या कोणाची असती तर आम्ही चूक म्हटलं असतं, त्यांची ती ओळख होती.

आता आमच्या धंद्याच्या दोन रीती सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक... गावाच्या शिवेवर पोचलं की आधी ढोलाची सलामी द्यायची. ठरलेला ठेका असतो. तो ऐकला की लग्नघरची माणसं पाणी आणि गूळ घेऊन सामोरी येतात. ती येईपर्यंत आपण गावात पाय टाकायचा नाही.

दुसरी... उन्हाळ्यात ढोल उघडा न्यायचा नाही. आमच्याकडच्या उन्हात कातडं तडकतं. म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायचा, आणि पोचल्यावर सावलीत वाळवून मग ताणायचा. गोणपाट भिजवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशीचं लग्न हायवेपासून आत, जंगलातल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून आहेत. एसटीनं सकाळी आठला फाट्यावर सोडलं. तिथून बैलगाडी येणार होती, ती आलीच नाही. फाट्यावर चहाचं एक हॉटेल, मागं विहीर. दोन छागली, म्हणजे कापडी पाण्याच्या पिशव्या, भरून घेतल्या. गोणपाट तिथंच भिजवायचं होतं. पण हॉटेलात रेडिओ लागलेला, आणि त्यावर क्लॅरनेटचा तुकडा! मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. दहा वाजले, चाचा म्हणाले, "चला बे पोरायहो, गाडीची वाट पाहून संध्याकाळ होईन," आणि आम्ही चालू लागलो. गोणपाट कोरडंच.

सागाच्या जंगलाला वैशाखात सावली नसते. पान म्हणून झाडावर उरत नाही. तासभर चाललो असू, आणि माझ्या डोक्यावरच्या ढोलातून आवाज आला... टिक. पुन्हा टिक. कातडं ओढ घेत होतं. आता हा फाटला तर लग्न कसं वाजवणार, आणि चाचांना काय तोंड दाखवणार? सगळे एका पळसाखाली टेकले होते. मी जरा मागं सरकलो आणि माझ्याजवळची भरलेली छागल गोणपाटावर रिकामी केली. अख्खी. पुढं नाला होता, तिथं भरून घेऊ असा माझा हिशेब. एवढी अक्कल!

पुढच्या बसकणीला गणपतभाऊंजवळची छागल फिरली. गणपतभाऊ ताशावाले, अंगानं पहिलवान आणि रागानं त्याहून मोठे. चाचांची पाळी आली तर म्हणाले, "मले नोको. तहान नाई मले. पोरायले पाजा." आम्ही ओतलं पोटात. छागल संपली.

नाल्यात पाणी नव्हतं. वाळूत झिरा उकरला, हात कोपरापर्यंत घातला, ओली वाळू तेवढी हाताला लागली. आणि तिथून उठताना चाचा बसले ते उठलेच नाहीत. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. "मोटर आली काय, मोटर?" असं काहीतरी बडबडायला लागले, आणि मग तेही बंद झालं.

"दुसरी छागल काढ," गणपतभाऊ म्हणाले.

मी रिकामी छागल पाठीमागं सरकवली.

"अबे काढ न! मानूस मरून राह्यला, अन् तू पाह्यतं काय?"

मी गोणपाटाकडे बोट दाखवलं. त्यांना कळायला एक क्षण लागला. "पाणी ढोलाले पाजलं? भैताडा! ढोलाले पाजलं तू पाणी?" मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मारून काय होणार होतं? आम्ही गोणपाट सोडून पिळलं. चार थेंब चाचांच्या ओठांवर पडले असतील. उरलेली ओल त्यांच्या छातीवर पसरली. फाटा दोन तास मागं, लग्नाचं गाव किती पुढं ते कोणालाच नक्की माहीत नाही. भर दुपारचे बारा. मी चाचांचे पाय धरून बसलो आणि मनात एकच चाललं होतं, हा माणूस माझ्या हातानं गेला.

आणि तेव्हा ढोल वाजला.

डाव्या अंगाला, जंगलात. लांब नाही. शिवेची सलामी! एकदम कडक, ताणलेल्या कातड्याचा आवाज. आमच्यातला एक जण आनंदानं ओरडलाच, "आलं गाव! सामोरे आले लोक!" पण मी आणि गणपतभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण डावी थाप हलकी होती... आणि केसभर उशिरा पडत होती.

आमचा ढोल माझ्यासमोर जमिनीवर पडलेला. ओला, सैल. बोटानं दाबलं तर आत जाईल असं कातडं. आणि त्याचे धनी शेजारी बेशुद्ध.

"चल," गणपतभाऊ एवढंच म्हणाले. चाचांना पाठीवर घेतलं आणि वाट सोडून आवाजाकडे निघाले. आम्ही मागं. ढोल थांबत नव्हता. आम्ही झुडपात अडकून रेंगाळलो की जरा जोरात वाजायचा, हे मी नंतर घातलेलं तिखटमीठ नाही, सातही जणांनी... म्हणजे सहा जणांनी ऐकलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. एका टेकाडाला वळसा घातला आणि समोरून तीन माणसं पळत येताना दिसली. एकाच्या खांद्यावर पाण्याचा घडा. त्याच क्षणी ढोल बंद पडला.

ते कोलाम आदिवासी होते. टेकाडामागं त्यांचं पोड, म्हणजे दहा-बारा झोपड्यांची वस्ती. पुढच्या म्हाताऱ्यानं, तो पोडाचा मुख्य, त्याला नाईक म्हणतात, काही न विचारता चाचांच्या डोक्यावर घडा धरला. पोडावर नेऊन सारवलेल्या गार जमिनीवर निजवलं. एका आजीनं तळपायाला कांदा चोळला, भाजलेल्या कैरीचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. मध्येच माझ्याकडं बघून "ईर, ईर" म्हणत वाडगा पुढं केला. पाणी! मी रडत होतो, त्यात ते पाणी प्यालो. त्या माउलीचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं आज इतकी वर्षं वाईट वाटतं.

उन्हं कलली तेव्हा चाचांनी डोळे उघडले. पहिला शब्द काय काढला असेल? "ढोल कुठं हाय?"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "चाचा, पाणी म्या सांडलं. फाट्यावर गोणपाट भिजवाचं इसरलो..."

"मालूम हाय मले."

"तुमाले?"

"मी सगळ्यायच्या मागं चालतो न बे. पळसाखाली पाह्यलं तुले ओतताना."

"मंग बोलले काहून नाई?"

"गणप्यानं तुडवला असता तुले तिथंच." मग जरा दम खाऊन म्हणाले, "एक छागल उरली होती. म्या म्हटलं, माह्या वाटचं कमी करतो. नाल्यात भेटन पाणी." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा झोपले. मी बाहेर येऊन झोपडीच्या कुडाला टेकून हमसून हमसून रडलो. गणपतभाऊ शेजारी येऊन बसले. आपला पंचा पुढं केला.

मग नाईकाचे आभार मानायला गेलो. म्हटलं, नाईक, तुमच्या ढोलानं आमचा माणूस वाचला.

नाईक बुचकळ्यात पडला. "आमचा ढोल? तुमीच तं वाजवून राह्यले होते. आमी आयकलं, म्हटलं इकडं बँडवाले कायले येतीन, वाट चुकले असतीन. म्हणून पाणी घेऊन धावलो."

मी म्हटलं, आम्ही नाही वाजवला. त्यानं मला हाताला धरून देवाच्या झोपडीत नेलं. त्यांचा ढोल आढ्याला टांगलेला होता, नुसतं लाकडी खोड. होळीनंतर कातडं फाटलं, नवीन अजून चढवलंच नव्हतं. मी बाहेर येऊन आमच्या ढोलावर काठी मारून पाहिली. भद्. उशीवर मारल्यासारखी. आणि लग्नाचं गाव पार दुसऱ्या अंगाला, पूर्वेला दीड कोस. तिथं बँड म्हणजे आम्हीच, आणि आमची तर वाट बघणं चाललेलं.

गंमत अशी की आम्ही आवाजाकडे चाललो ते पोडाच्या दिशेनं, आणि पोडावरची माणसं आवाजाकडे धावली ती आमच्या दिशेनं.

संध्याकाळी नाईकानं स्वतःची गाडी जुंपून आम्हाला लग्नघरी पोचवलं. लग्न बँडाविना लागून गेलं होतं. गाडी न येण्याचं कारण बैल लंगडला एवढंच, आणि वधूचा बाप आमच्यापेक्षा जास्त ओशाळला होता. चाचांची हकिगत कळल्यावर त्यानं त्यांना घरात खाट टाकून दिली. दुसऱ्या दिवशीची वरात आम्ही अशी वाजवली की घोडासुद्धा नाचला. चाचा खाटेवरून बोटानं ठेका धरून होते.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, प्रतिध्वनी. कबूल, पण कोणीतरी आधी वाजवायला नको? म्हणतील, तहानेनं भास झाला. आम्हाला झाला असेल, पण पोटभर पाणी पिऊन सावलीत बसलेल्या तीन कोलामांना? माझ्या एका शिक्षक मित्रानं वारा, डोंगर, तापलेली हवा असं कागदावर काढून दाखवलं. मी विचारलं, यात डाव्या हाताचं बोट कुठं बसवतो? त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. उलट काही जण मला म्हणाले, तिथं कुणाचा तरी आत्मा असणार. अहो, कुणाचा? ज्यांची थाप होती ते तर गणपतभाऊंच्या पाठीवर होते, जिवंत! नाईकाला विचारलं तर तो वर आभाळाकडं बघून हसला आणि त्यानं मला मोहाची फुलं दिली.

चाचांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "वाजवणारा कोणी असो लेका, पण माह्यी खोड कायले उचलली त्यानं? वाजवाचं तं चांगलं वाजवाचं!"

त्यानंतर कासमचाचा पुष्कळ जगले. माझ्या लग्नात त्यांनी ढोल वाजवला, कोणाला हात लावू दिला नाही. माझ्या थोरल्या मुलीचं नाव त्यांनी सुचवलं. शेवटी आपल्या घरी, आपल्या माणसांत, झोपेत गेले. मी मयताला खांदा दिला आणि रडलो, पण ते रडणं साधं होतं, बाप गेल्यावर माणूस रडतो तसं.

त्या दुपारी नाल्याकाठी ते गेले असते, तर माझ्या हातून गेले असते. मग मी क्लॅरनेट परत तोंडाला लावलं असतं असं मला वाटत नाही. कदाचित पांढरकवड्यातही राहिलो नसतो. त्या ढोलानं त्या दिवशी दोन माणसं वाचवली, एक पाठीवर होता आणि एक त्याच्या मागं चालत होता.

वाजवला कोणी, ते मला आजही माहीत नाही. विचारणं मी केव्हाच सोडून दिलंय. सकाळी चहा व्हायच्या आधी हात जोडतो तेव्हा देवाचं नाव घेतो, त्या आजीची आठवण काढतो, आणि तिसरा नमस्कार त्या वाजवणाऱ्याला करतो. नात विचारतेय, "आबा, तो कोणत्या दिशेला करता?" काय सांगू हिला... तोंड असेल त्या दिशेला करतो, पोचत असेल.