छडीवाला बाबा आणि कमळाबाईचा टाळ

बायांनो, आज लई मजा झाली, सांगते.

नात सानिका मोबाइलवर परदेशातला मोठा वाद्यमेळ ऐकत असती. सकाळी तिनं एकाच धुनेची दोन रेकॉर्डिंगं दाखवली. पुढं छडी हलवणारा बाबा तेवढा वेगळा. "आजी, कोणता भारी?"

माझा चहा उतू गेला, पण मी म्हणलं, "दुसरा. पहिल्याला नुसती घाई. दुसरा मागच्या ढोलवाल्याची पाळी आली की त्याच्याकडं बघून मान हलवतो. पण लोकांकडं पाठ करून उभं राहायचं, हे काय वळण व्हय?"

"अगं, वाजवणाऱ्यांना तो दिसायला नको का?"

तेच डोक्यात राहिलं. आमच्या पडेगावच्या भजनी मंडळात कमळाबाईला आता नीट ऐकू येत नाय. टाळ चुकतो, म्हणून बाया म्हणत होत्या, तिचा टाळ दुसरीला द्या.

आज दुपारी भजनात मी देवाकडं पाठ करून तिच्यासमोर बसले आणि मान हलवत राहिले. टाळ एकदाबी चुकला नाय! वर मलाच म्हणती, "कांते, मान मोडंल की गं!"

तुमचा आवडता छडीवाला कोणता? आणि देव रागावला नसंल ना?