सात चिंचोके

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी माझा फोन एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. शालन वाघमारेचा मिस्ड कॉल. अर्थ एवढाच, की मी खाली गेटवर आलेय, तुम्ही गॅलरीत या. दोन वर्षांत तो फोन मी एकदाही उचलला नव्हता, तो उचलायचा नसायचाच. दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी मात्र रिंग थांबेना. एकदा, दोनदा, पाचदा... शेवटी मी चिडून उचलला आणि "अगं, आले ना!" म्हणून खेकसलेसुद्धा. पलीकडून तिची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "नीलामावशी, आई उठत नाहीये हो." झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. बासष्टावं वर्ष चालू होतं. आदल्या दिवशी सकाळी तिने तीन फेऱ्या मारल्या होत्या, माझ्या वहीत लिहिलेल्या आहेत.

आम्ही दोघी एकाच सरकारी कचेरीत. मी रेकॉर्ड विभागात तिच्यावरची, त्यामुळे ती मला शेवटपर्यंत "अहो नीलाताई" म्हणत राहिली आणि मी तिला अगं-तुगं करत राहिले. निवृत्तीनंतर हडपसरला एकाच सोसायटीत घरं मिळाली, हा योगायोग. साठाव्या वर्षी एके दिवशी ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. अर्धमॅरेथॉनची जाहिरात होती, एकवीस किलोमीटर. "मी हे पळणार," म्हणाली. मी चष्म्यावरून बघितलं आणि म्हटलं, "आधी बसथांब्यापर्यंत पळून दाखव." दुसऱ्या दिवशी ही बया खरंच बसथांब्यापर्यंत पळाली! आणि तिथल्या बाकावर अशी काही बसली, की पंधरा मिनिटं उठता येईना. एका ड्रायव्हरने तिच्यासाठी बस थांबवली. "काकू, चढताय ना?" ती म्हणाली, "नाही हो, मी पळायला आलेय." तो काय समजला कोण जाणे, बस घेऊन गेला बिचारा.

तिला हे खूळ का लागलं, ते तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. गावच्या शाळेत ती पळण्यात पहिली यायची. तालुक्याच्या शर्यतीसाठी नाव गेलं, छातीवर लावायचा कापडी नंबरसुद्धा सरांनी दाखवला होता. आदल्या दिवशी आई तापाने फणफणली आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर आला. नंबर दुसऱ्या मुलीला लागला. "तेव्हा वाईट नाही वाटलं," ती म्हणाली. "आता वाटतं. नीलाताई, म्हातारपणी वाईट वाटायला वेळ मिळतो हो." स्पर्धेत तीन तासांत पोचलं नाही, तर मागून एक बस येते आणि मागे राहिलेल्यांना उचलून नेते, हेही तिने वाचलं होतं. त्या बसची तिने धास्तीच घेतली होती. "पळताना पडले तरी चालेल. पण त्या बसमध्ये मी चढणार नाही," असं ती मला दर दोन दिवसांनी ऐकवायची.

मग मी सूत्रं हातात घेतली. माझ्या स्कूटरवर बसून मी अंतर मोजून आले आणि ऐटीत सांगितलं, "गेटपासून कालव्याच्या पुलावरून सरळ जायचं, चौकातून वळायचं, पलीकडच्या बाजूने परत यायचं. बरोब्बर तीन किलोमीटर. सात फेऱ्या म्हणजे झाली तुझी मॅरेथॉन." फेऱ्या मोजायला तिने सात चिंचोके घेतले. ट्रॅक सूटच्या डाव्या खिशात सातही, आणि दर फेरीला गेटवर आली की एक उजव्या खिशात. मी वर गॅलरीत चहा घेऊन बसायची आणि वेळ लिहायची. प्रज्ञा हिंजवडीला कंपनीत आहे, पहाटेची बस गाठते. ती म्हणाली, "आई, माझं घड्याळ घाल, अंतर आपोआप कळतं." शालनने ते परत केलं. "नीलाताईंनी मोजलंय ना, मग झालं!"

सहा महिन्यांत तिने काय काय सोसलं, ते मी वरून बघितलंय. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. गुडघा सुजला, वीस दिवस घरी बसली, पुन्हा एका फेरीपासून सुरुवात केली. कालव्यावरच्या कुत्र्यांनी एकदा पुलापासून गेटपर्यंत पिटाळली, तेव्हा वर बघून ओरडली, "वेळ लिहा, वेळ लिहा! आज चांगली असेल!" एक, तीन, पाच करत सात फेऱ्या पहिल्यांदा पूर्ण झाल्या तो रविवार मला आठवतो. मी वहीत बघितलं. तीन तास बावीस मिनिटं. पुढच्या रविवारी तीन वीस. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तीन बावीस. काही केल्या घड्याळ खाली येईना, आणि तिचा चेहरा उतरत चालला.

स्पर्धेला तीन आठवडे असताना मी भाजी आणायला चौकात गेले होते. बघते तर शालन समोरून पळत आली, सिग्नलला वळसा घातला आणि परत निघाली. मी जागच्या जागी थिजले. कारण मोजायला निघाले होते, त्या दिवशी मी चौकापर्यंत गेलेच नव्हते! चौकाच्या अलीकडे लोकांनी दुभाजक फोडून फट पाडली आहे, तिथून सगळं हडपसर वळतं, तशी मीही स्कूटर घातली होती. सवयच, लक्षातसुद्धा आलं नाही. आणि ही बाई मात्र मी सांगितल्याप्रमाणे, रोज, दर फेरीला, चारशे मीटर जास्त पळत होती.

सांगायला हवं होतं ना लगेच? नाही सांगितलं. तीस वर्षं "नीलाताईंचं चुकत नाही" असं कचेरीत ऐकलेली मी, तोंड उघडेना. आठ दिवस गप्प बसले. लाज वाटते लिहिताना. मग एका संध्याकाळी ती आली, सोफ्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मी नाव काढून घेते. माझा जीवच तेवढा नाही, नीलाताई. बसमध्ये बसून यायचं, त्यापेक्षा घरी बरी." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, आठ दिवस लपवलं तेही. वाटलं, आता उठून जाईल, जायलाच हवं होतं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे... मी चोवीस पळतेय?"

"जवळजवळ."

"साठाव्या वर्षी?" आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की शेजारची दार उघडून बघायला आली. मी रडत होते. दुसऱ्या दिवशी पाच वीसला फोन वाजला. मी गॅलरीतून ओरडले, "आता फटीतूनच वळ गं!" ती म्हणाली, "छे! चौकातून सांगितलंय, चौकातूनच."

स्पर्धेच्या दिवशी मी शेवटच्या रेषेपाशी उभी होते. तीन तास व्हायला सहा मिनिटं असताना ती दिसली. मागे ती बस होती, अगदी रांगत येणारी. शालनने तिच्याकडे वळूनही न बघता रेषा ओलांडली. छातीवर नंबर, एक पिन निघालेली, तो कोपरा हाताने धरलेला. आयुष्यात मी मोठी माणसं थोडीफार पाहिली आहेत, पण कुणाला बघून माझे हात आपोआप जोडले गेले असतील, तर ते तिथे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या घरी गेले, तर बुद्धमूर्तीशेजारी तो नंबर लावलेला होता, त्याच वाकड्या पिनेसकट. प्रज्ञाने माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. सात चिंचोके, खिशात राहून गुळगुळीत झालेले.

परवा पाच वीसला आपोआप जाग आली. फोन वाजला नाही, वाजणार कसा... चपला सोडून बूट घातले आणि खाली उतरले. पळणं माझ्याच्याने होणं नाही, चालले. फटीपाशी पोचेपर्यंत दम लागला होता. कुणी बघत नव्हतं, दोन स्कूटरवाले तिथूनच वळले. मी थोडा वेळ उभी राहिले, आणि चौकाकडे निघाले. सिग्नलला वळसा घालून गेटपाशी आले आणि एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला.

सहा उरलेत, शालन. बघू.