टिटवीचं सोंग

भांडखोर बाई दिसली की तुम्ही काय करता? खरं सांगा. नाक मुरडता, बाजूनं निघून जाता आणि जरा लांब गेल्यावर सोबतच्याला म्हणता, ‘हिच्या तोंडी कोण लागणार!’ बस डेपोतली माणसंही हेच म्हणायची. तिथं गाड्या धुणाऱ्या बायकांच्या टोळीची एक मुकादम होती. तिला सगळे तोफ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

तरणीताठी असताना ती डेपोत लागली, आता जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. पण हातातला पाइप अजून तिचंच ऐकायचा. आधी टप, मग काचा, चाकं सगळ्यांत शेवटी. कुणी नवखी खालून वर धुवायला लागली की तोफ कडाडायची, ‘घरी आंघोळ पायांपासून करतेस का गं?’ घरीही तोच आवाज. सून एकदा हात जोडून म्हणाली, ‘आई, तोफ तिकडंच ठेवून येत जा की. इथली भांडी आधीच पोचे पडलेली आहेत.’ त्यावर तोफ पोट धरून हसली आणि लगेच मिठाच्या डब्याला झाकण का नाही म्हणून सुरू झाली.

टोळीत एक नवी पोरगी आली होती. तिला सगळ्या धाकटी म्हणायच्या. नवरा कुठं गेला ते तिलाही माहीत नव्हतं. लेकरू अंगावर पिणारं, घरी बघायला कुणी नाही. आणि डेपोचा नियम असा, की आवारात मूल दिसलं की त्याची आई कामावरून कमी. नियम करणाऱ्याला कुणी जन्म दिला होता की नाही, देव जाणे. तर हे लेकरू धुण्याच्या रॅम्पमागच्या सामानाच्या खोलीत, जुन्या सीटांच्या स्पंजावर झोपायचं. बाहेर पाण्याचा एवढा आवाज, की रडलं तरी कळायचं नाही.

डेपोच्या साहेबांची फेरी रोज व्हायची. त्यांचे बूट खडीवर वाजले, की तोफ रॅम्प सोडून पार डिझेल पंपाकडे जायची आणि तिथून उडायची. ‘हा साबण आहे का चुना? हात बघा आमचे! पाइपाला भोकं किती, साहेब, झाडांना पाणी घालायचंय का आम्हाला?’ साहेब चिडून तिकडं वळायचे. वादावादीत फेरी संपून जायची. लोक म्हणायचे, बाईला खोडच आहे. साहेबांनी तर शेवटची ताकीदही देऊन झाली होती.

‘मावशी, माझ्यापायी तुम्ही वाईटपणा घेता,’ धाकटी एकदा डोळे पुसत म्हणाली.

‘वाईट मी आधीपासूनच आहे. तुझ्यासाठी नवीन काही शिकावं लागलं नाही. नाक पूस.’

त्या उन्हाळ्यात आवाराच्या मागच्या अंगाला, खडीत, एक टिटवी दिसायला लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत बायका तिकडच्या नळावर निघाल्या, तर ती पुढ्यात येऊन पडली. एक पंख जमिनीवर लोळतोय, उठतेय, पुन्हा कलंडतेय. ‘अगं बाई, पंख मोडला की हिचा!’ धाकटी कळवळली. कुणी खोकं आणलं, कुणी टॉवेल. सगळ्या वाकून तिच्यामागे. हाताशी आली म्हणेपर्यंत ती लंगडत जरा पुढं सरकायची. असं करत करत तिनं सगळी वरात थेट कुंपणापर्यंत नेली आणि तिथं पंख झटकून टिवटिव करत अशी उडाली, की खोकंवाली आ वासून बघत राहिली.

‘सोंगाडी मेली!’ बायका हसून हसून बेजार.

तोफ हसली नाही. पाखरू जिथून लंगडायला लागलं होतं तिथं ती परत गेली. एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. पायाखाली खडीच्याच रंगाची, खडीसारख्याच ठिपक्यांची चार अंडी होती.

‘ही तर आपल्याच टोळीतली निघाली,’ ती म्हणाली. धाकटी काय ते समजली. बाकीच्यांनी भोवती जुने टायर आणून मांडले.

पण टँकरवाल्याला टायरांचं काय? पाण्याचा टँकर मागे घेताना त्यानं एक टायर उडवलाच. तोफ ओरडत धावली. धावताना तिला दिसलं, की टिटवी आज लंगडत नाही. अंड्यांवर उभी राहून, दोन्ही पंख उघडून, छाती चाकाकडे करून ती कोकलत होती. टँकरवाल्यानं आरशात बघून करकचून ब्रेक दाबला. ‘हलेनाच की ही!’

तोफ दिवसभर त्याच विचारात काचा पुसत होती. आज सोंग का नाही केलं हिनं? मग तिचं तिलाच उमगलं. कुत्रा असो, माणूस असो, तो काहीतरी शोधत येतो, म्हणून त्याला चकवता येतं. चाक काही शोधत नसतं. त्याला कसलं सोंग दाखवणार?

थोड्याच दिवसांत तिच्यावर तीच पाळी आली. बूट वाजले, ती पंपापाशी गेली, साबणावरून उडाली. साहेब थांबले. चिडले नाहीत, उलट हसले.

‘मावशी, तुम्ही इथं ओरडताय, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी तिकडं आहे.’

आणि रॅम्पकडे वळले.

तोफेच्या मनात आलं, इथंच पडावं, पाय मुरगळला म्हणून बोंब ठोकावी. तोंड उघडलंसुद्धा. पण साहेबांनी मागे वळून बघितलं नसतं. दोन बसगाड्यांच्या फटीतून, कुरकुरत्या गुडघ्यांनी ती धावली, त्यांच्या आधी खोलीच्या दारात पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. कोपरांवरून साबणाचं पाणी गळत होतं.

‘आत काय आहे?’

‘लेकरू आहे.’

ती एवढं हळू बोलली, की सगळ्या टोळीनं कान टवकारले. तोफेचा असा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता.

‘कुणाचं?’

‘टोळीचं.’

कुणीतरी पाइपाचा नळ बंद केला. मग दुसरीनं. मग रॅम्पवरचं सगळं पाणी थांबलं आणि आतलं रडणं स्वच्छ ऐकू आलं.

‘कामावरून काढू शकतो मी तुम्हाला.’

‘काढा. पण दारातून मी हलायची नाही.’

धाकटी बसमागून आली आणि तोफेच्या हाताखाली येऊन उभी राहिली. ‘माझं आहे, साहेब.’

‘तुला कुणी विचारलं होतं गं?’ तोफ खेकसली. पण हात खाली घेतला नाही.

अर्ध्या फेसातल्या गाड्या रॅम्पवर उभ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागले. साहेबांनी गाड्यांकडे बघितलं, बायकांकडे बघितलं आणि आले तसे गेले.

धाकटीची नोकरी राहिली. त्या खोलीला खिडकी पडली, आता तिथं आणखी लेकरं असतात. मुकादमी मात्र तोफेकडून काढून घेतली. हातात झाडू आला. ‘बरं झालं, पाइप जड होता,’ ती सांगत फिरली, पण घरी कितीतरी दिवस कुणाशी भांडली नाही. सून घाबरली, ‘आई, बरं वाटत नाही का? मिठाचा डबा उघडाच ठेवलाय मी.’

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली आणि अंग वाळताच आईमागे कुंपणापलीकडे चालती झाली. टायर तिथंच आहेत. झाडून झालं की तोफ त्यावर बसते.

तुमच्या गल्लीत, तुमच्या कामाच्या जागी अशी एक बाई असेलच. ती उद्या कुणा साहेबावर कडाडली, तर एवढंच करा. तिच्या मागे काय आहे ते शोधायला जाऊ नका, आणि तिला गप्प बस म्हणू नका. हातातला नळ बंद करा आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहा.