खग्रासाची साक्ष

कडा गाव मागं टाकून बीडच्या वाटेला लागलं की दुसरं खेडं भिवराबाईचं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. घरात ती आणि लेक अंजना. अंजनाचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत फाटलेला. तेहतीस वर्षांची झाली तरी तिला कुणी पदरात घेतलं नव्हतं. बाहेर निघाली की ती तोंडावर पदर धरायची, आणि बोलायची वेळ आलीच तर मान खाली घालून बोलायची.

ओठ का फाटला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भिवराबाई पोटुशी असताना पौषाच्या अवसेला मोठं सूर्यग्रहण लागलं. ग्रहणात गर्भार बाईच्या घरात काही चिरायचं नसतं. तरी तिची थोरली जाऊ दगडाबाई हिनं म्हणे विळी मांडून वांगी चिरली. तिला मूल नव्हतं, म्हणून जळून मुद्दाम चिरली, असंही लोकांनी पुढं जोडलं; असल्या कामाचा लोकांना कधी कंटाळा येत नाही. लेकराला अंगावर ओढता येईना, तेव्हा बोळ्यानं दूध पाजून ते जगवलं दगडाबाईनंच, हे मात्र कुणी जोडलं नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडलं, ती परत आणली नाही. नवऱ्यानं दुसरी केली. चार-सहा वर्षांत दगडाबाई तिकडंच गेली.

हे सगळं भिवराबाईच्या एका वाक्यावर झालं होतं. सासूनं बाजेशी उभं राहून विचारलं, "गिराणात काय केलंस गं?" सतरा वर्षांची पोर, घाबरली. म्हणाली, "मी न्हाई, जाऊबाईनं विळी घेतली व्हती." विळी कुणीच घेतली नव्हती. ग्रहण मात्र भिवराबाईनं स्वतः पाहिलं होतं, कवाड उघडून, डोळे भरून. लेकीचा ओठ आपल्या त्या पाहण्यानंच फाटला, असं ती मनोमन धरून बसली होती. अंजनाला हे कधी कळू नये, एवढंच देवाकडं मागणं होतं.

आणि एका उन्हाळ्यात हैदराबादच्या विद्यापीठातून राधाकिशन नावाचे गृहस्थ छकड्यातून गावात आले. तिथल्या वेधशाळेत ते ग्रहताऱ्यांचं गणित करायचे. चावडीवर बसून त्यांनी विचारलं, त्या ग्रहणात इथं सूर्य पुरता झाकला होता, की कोर उरली होती? चंद्राच्या सावलीची कड नेमकी कुठून गेली हे कळलं की चंद्राची वाट पक्की मांडता येते, आणि पुढली ग्रहणं, समुद्राची भरती, सगळं त्यावर बेतता येतं. गावाला वाटलं, हा सूर्याची मोजणी करणारा पैमाशीवाला. आज सावली मोजतोय, उद्या सारा बसवील. "आमी समदे कवाडं लावून घरात व्हतो, साहेब," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. त्यात फारसं खोटंही नव्हतं.

जाता जाता राधाकिशनांनी भिवराबाईच्या ओट्यावर पाणी मागितलं. अंजनानं तांब्या पुढं केला तसा तोंडावरचा पदर ढळला. त्यांनी नजर वळवली नाही.

"हा ओठ शिवता येतो, बाई. माझ्या धाकट्या भावाचा हैदराबादेत शिवला."

"ह्ये गिराणाचं हाय," अंजना म्हणाली. "चुलतीनं विळी चालवली व्हती."

"माझा भाऊ पोटात होता तेव्हा आमच्याकडं ग्रहणच दिसलं नव्हतं. मी स्वतः गणित करून पाहिलंय. ग्रहण म्हणजे नुसती सावली. तिनं कुणाचा ओठ फाटत नाही."

आत भिवराबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "आन् पोटुशीनं बघितलं तर?"

"तरीही नाही. बघणारीच्या डोळ्यांना इजा होईल, तेवढंच."

भिवराबाईच्या छातीवरचा तेहतीस वर्षांचा धोंडा उतरला, आणि उतरताच त्याच्याखाली दुसरा दिसला. ग्रहणानं काही केलं नव्हतं. जे केलं ते तिच्या जिभेनं केलं होतं. आता गप्प बसली असती तर साहेब छकड्यात बसून निघून गेले असते आणि घर होतं तसं चाललं असतं. ती उठून बाहेर आली.

"मी बघितलंय. लिव्हा."

धाब्याच्या भोकातून भुईवर उन्हाचा गोल कवडसा पडायचा, तो त्या दिवशी झिजत झिजत विळ्यासारखा झाला, असं तिनं सांगितलं. मग विझलाच. कवाड उघडलं तर सूर्याच्या जागी काळं, शेजारी एक चांदणी, कोंबड्या खुराड्याकडं पळत होत्या. पाच श्वास होईस्तोवर अंधार होता. राधाकिशन भराभर लिहीत होते. अकरा गावं फिरून त्यांना एवढं कुणी दिलं नव्हतं.

"सोबत आणखी कुणी होतं का? एकट्याच्या साक्षीवर आम्ही विसंबत नाही."

भिवराबाईनं लेकीकडं पाहिलं.

"व्हती. माझी जाऊ, दगडाबाई. मी भ्याले व्हते म्हनून तिनं माझे दोनी हात धरले व्हते, गिराण सुटंपर्यंत."

"जिवंत आहेत?"

"न्हाई."

त्यांनी दोन्ही नावं लिहून घेतली, नमस्कार केला आणि ते गेले.

"मंग विळी, माय?" अंजनानं विचारलं.

"कुनीच घेतली न्हाई."

अंजनानं साहेबांचा रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "चुलतीचं म्हायेर कुठलं?"

माजलगावच्या अंगाला, सिंदफणेच्या काठी. अंजना दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गाडीनं गेली आणि सहाव्या दिवशी परतली. तोंडावर पदर नव्हता. भिवराबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि विचारायचं धाडस होईना म्हणून चुलीपाशी बसून राहिली.

"चुलतीची भावजय हाय अजून," शेवटी अंजनाच बोलली. "म्हनली, तुमच्याकडलं कुनी बी बाजारात दिसलं की चुलती धावत जायची आन् येकच इचारायची. भिवराचं लेकरू आता सोताच्या तोंडानं दूध पितं का?"