भित्री दैवशाला

राजूरला गणपतीच्या पायऱ्यांजवळ माझी थोरली जाऊ दैवशाला दूर्वा-जास्वंदीचं दुकान मांडून बसते. तिच्याइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. मी बेबीनंदा, तिची धाकटी जाऊ. माझी जीभ तिखट आहे असं घरात सगळे म्हणतात, पण खोटं बोलते असं कुणी म्हणत नाही. देवाच्या पायाशी बसणारी ही बाई लग्नानंतर एकदाच जोडीनं वर गेली, आणि उतरताना नवा शालू नेसलेला असतानाही खाली बसून, लहान पोरासारखी एकेक पायरी सरकत आली. लोक पोट धरून हसले. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते, पण तो किस्सा मला इतक्या जणांनी सांगितलाय की मीच तिथं उभी होते असं वाटतं.

चढायचं असलं तर ती कुणाला हार जात नाही. उतरायचं म्हटलं की तोंड पांढरं पडतं. मोटारसायकल पार लांब असली तरी रस्त्याच्या कडेला थांबून राहते. किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय चहा ओतत नाही. कुणी लांबून नारळ टाकला तर झेलायचं सोडून तोंड झाकून घेते. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर रामप्रसाद, येता-जाता म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला आहे. आमच्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, तिला पसंत केलं ते त्या डोळ्यासाठीच. जराशी तिरळी नजर भाग्याची, असं त्या मानतात. त्यात दैवशाला घरात आली त्याच वर्षी शेतातल्या बोअरला पाणी लागलं. मग काय विचारता. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंच्या पुढं त्या डोळ्याबद्दल वावगं बोलायची सोय राहिली नाही.

दैवशालाची मुलगी अर्पिता शाळेत जायला लागली तेव्हा तिचाही डावा डोळा आत वळू लागला. आत्याबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. "आईचं नशीब घेऊन आली माझी नात," असं ज्याला त्याला सांगत सुटल्या.

एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. अर्पिता ओट्यावरून खाली यायला निघाली आणि कडेला थांबली. तिनं पायाचा अंगठा पुढं करून खालची फरशी चाचपली आणि मग पाय टाकला. मागं दैवशाला फुलांची टोपली घेऊन उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"बेबी, पाहिलं का? पोरगी माझ्यावानी उतरून राह्यली."

"अक्का, आईची लेक आईवानीच उतरणार ना."

"न्हाई गं. मागं तर उडी मारून जायची. ती उडी कुठं गेली?"

मी हसण्यावारी नेलं. तिनं मात्र त्या दिवशी दुकान लावलं नाही.

मग आम्ही दोघी अर्पिताला घेऊन जालन्याला गेलो, मस्तगडच्या बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरीण आहेत, डॉ. प्रियदर्शनी, त्यांच्याकडे. त्यांनी पोरीला बराच वेळ तपासलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "डोळे दोन असले तरी बघतो तो मेंदू. दोन्ही डोळ्यांची चित्रं तिथं एक झाली की कोणती वस्तू किती लांब, किती खोल ते नीट कळतं. एक डोळा वळला की चित्रं जुळत नाहीत. मग मेंदू त्यातलं एक टाकून देतो. असं रोज होत राहिलं की दोन्ही चित्रं एकत्र आणणारी मेंदूतली वाट मोडत जाते."

अर्पिताला चष्मा लागणार होता, आणि रोज काही तास तिचा चांगला डोळा पट्टीनं झाकायचा होता, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याचं ऐकावं लागेल. "वय लहान आहे तोवरच याचा खरा उपयोग," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी उशीर करू नका. तरी पूर्ण जमेल, असं वचन मी देत नाही."

मग त्यांनी दैवशालाच्या डोळ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पायऱ्या उतरताना काय दिसतं?"

"पट्टे दिसतेत. एकाखाली एक, भिंतीवर वढल्यावानी."

"खालची पायरी किती खाली आहे ते?"

"ते कुणाला दिसतं?"

"सगळ्यांना," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

दैवशालानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं. बाकीचे धीट हायेत, मीच एकली भित्री."

तिच्या भित्रेपणावर माझी तिखट जीभ किती वेळा चालली होती, ते मला तिथं आठवलं.

घरी पट्टी सुरू झाली आणि सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला. चांगला डोळा झाकला की अर्पिता भिंत धरून चालायची. "आई, अंधुक झालं, काढ ना," म्हणून रडायची. दैवशाला तिच्यामागं हात पसरून फिरायची. आणि जे व्हायला नको तेच झालं. मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या गच्चीवरून उतरताना पोरगी खालच्या पायऱ्यांवरून पडली. कपाळ फुटलं, फ्रॉक रक्तानं भरला.

आत्याबाईंनी पट्टी ओढून चुलीत टाकली. "चांगला डोळा झाकून पोरीला आंधळी करून राह्यली का तू? घरात आलेलं भाग्य लाथाडाया निघाली. आता बिलकुल न्हाई."

रामप्रसाद भाऊजी खाली मान घालून उभे राहिले. दैवशाला पोरीचं कपाळ धुवायला बसली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पट्टी बांधावी तर उद्या पोरगी विहिरीत जाईल ही भीती, न बांधावी तर ती जन्मभर आपल्यासारखी होईल ही भीती. त्या दिवसांत तिला घास गिळवत नव्हता. मला म्हणाली, "डाक्टरीणबाई चुकत असंल तर? मी माझ्या हातानं लेकीचा डोळा घालवून राह्यले असंल तर?"

लहानपणापासून डोळा तिरळा असलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूची चित्रं संभाजीनगरला अभ्यासासाठी काढतात, असं डॉक्टरांनी मागं बोलता बोलता सांगितलं होतं. दैवशालानं स्वतःहून त्यांना फोन लावला. "वाट मोडल्यावर काय व्हतं ते मला पाहू द्या," एवढंच म्हणाली.

गल्लीत कुजबुज झालीच. डोक्याचा फोटो काढायला चालली म्हणजे डोकं फिरलं असणार. खरं सांगायचं तर तिलाही मनातून तीच धास्ती होती. मशीन म्हणेल ही बाई वेडी आहे, आणि मग पोर कोण हातात ठेवील? मी सोबत गेले. ते बोगद्यासारखं मशीन, आत जेमतेम माणूस मावेल एवढी जागा, आणि हातोडे पडावेत तसा आवाज. घाबरलात तर दाबा म्हणून तिच्या मुठीत एक रबरी फुगा दिला होता. बाहेर मीच घामाघूम झाले. तिनं मात्र फुगा दाबला नाही. बाहेर आल्यावर तिनं तो माझ्या हातात ठेवला.

"सारखं वाटत व्हतं, दाबावं," ती म्हणाली. "मंग पोरीचं कपाळ दिसायचं."

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. एकीच्या चित्रावरून पक्कं बोलता येत नाही म्हणाले. पण अशा माणसांच्या मेंदूत नजरेच्या जागांमधली ये-जा इतरांपेक्षा वेगळी आढळते, काही जोड कमकुवत तर काही नको तेवढे बळकट. तुमच्यातही तसंच दिसतंय. यात वेडाबिडाचा काही संबंध नाही.

"माझी वाट परत व्हईल का?" तिनं विचारलं.

"या वयात फारशी आशा देता येत नाही. मुलीच्या वाटा अजून घडताहेत."

घरी आल्यावर तिनं चप्पलही काढली नाही, सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "आत्याबाई, माझ्या डोळ्यानं पाणी लागलं असंल तर लागलंय, ते काही परत जात न्हाई. पण मी पायरी पायरीला मरून राह्यले. ते मी पोरीला देणार न्हाई." आत्याबाई पुढं कित्येक दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण पुन्हा सुरू झालेल्या पट्टीला त्यांनी हात लावला नाही, आणि गच्चीवर जाताना नातीचं बोट त्याच धरायच्या.

महिने गेले. चष्म्यानं डोळा बराच सरळ दिसू लागला, पण आत मेंदूनं तो घेतला की नाही ते बाहेरून कुणाला कळणार? दैवशाला रोज ओट्याजवळ उभी राहून लेकीचे पाय बघायची. मीही बघायचे. कधी पोरगी चाचपायची, कधी नाही.

शेवटी डॉ. प्रियदर्शनींनी तपासणीला बोलावलं. त्यांनी अर्पिताच्या चष्म्यावर दुसरा काळसर चष्मा चढवला आणि तिच्यासमोर एक पुस्तक उघडलं. पानभर एका माशीचं चित्र होतं.

"हिचे पंख चिमटीत धर बघू."

अर्पितानं हात पुढं केला. कागदाच्या बराच वर, हवेतच तिची बोटं थबकली. मग तिनं झटकन हात मागं घेतला आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. "ती वर आलीय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. दोन्ही डोळ्यांची चित्रं मेंदूत एक झाली तरच ती माशी कागदातून वर आलेली दिसते, त्यांनी सांगितलं. मी तो चष्मा लावून पाहिला आणि मीही दचकून हात मागं घेतला, इतकी ती जिवंत दिसत होती.

मग दैवशालानं लावला. तिनं वाकून पाहिलं आणि सगळा तळहात त्या माशीवर ठेवून दिला. "कागदच तर हाय," ती म्हणाली.

अर्पिता तिचं मनगट ओढायला लागली. "आई, हात काढ, चावंल तुला."

दैवशालानं हात काढला नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"घाबरली का गं तू?"

"लई."

दैवशालानं दुसऱ्या हातानं तिला पोटाशी ओढलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली.