एक श्री कमी

चष्मा कोपरानं वर ढकलायचा आणि म्हणायचं, "हाताला घावंल ते बसवा. फुडचं फुडं." सांगलीच्या आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मास्तरांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. बोटं कायम शाईनं काळी, म्हणून कोपर.

मी तिथं प्रुफं तपासायचो. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग पडायचा, आणि शिशाच्या खिळ्यांत 'श्री' मोजकेच. पत्रिकेत पाहुणे वीसपंचवीस. एखाद्याच्या नावाआधीचा श्री राहिला, तर तो मांडवात पाणीसुद्धा पीत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं!

"मास्तर, आधी नावं तरी मोजा."

"मोजत बसलो तर नवरा म्हातारा हुईल, गड्या."

आणि वरून खाली खिळे लावत सुटायचे. बहुतेक वेळा निभून जायचं, हेही कबूल करतो.

स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेत मात्र निभलं नाही. शेवटच्या ओळीत मुलीचे दोन मामा, आणि श्री संपलेले! थोरले मामा वडूजचे, फौजेतून निवृत्त; मानपानात जरा कमी पडलं की थेट एसटी स्टँड गाठणारे. ते रुसले तर मुलीच्या पाठीशी उभं राहणार कोण? पत्रिका तर त्याच दुपारी वडूजला धाडायच्या होत्या. मास्तरांचा चेहराच उतरला.

शेजारी दुसऱ्या कुणाची पत्रिका जुळवून तयार होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"त्येंच्या पावण्याचा मान काढून माज्या मेव्हण्याला? न्हाई जमायचं."

मग मास्तर पहिल्यांदाच लावून झालेल्या ओळींकडे मागे वळले. आधी पत्रिकेच्या माथ्यावरच्या जोतिबाचा श्री काढून धाकट्या मामांना दिला. "देव रुसत न्हाई, पावणं रुसत्यात." थोरल्यांना दिला तो वधुपित्याचा, म्हणजे स्वतःचा.

चौथ्या दिवशी थोरले मामा पिशवी घेऊन छापखान्यात हजर. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"दाजी, ही काय पद्धत झाली?"

"काय चुकलं?" मास्तरांनी कोपरानं चष्मा वर ढकलला.

"जोतिबाचं त्यो बघून घील. आमच्या दाजींचा मान कुणी काढला? गावात काय सांगू, बहीण बिनमानाच्या घरात दिलीया?"

त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. वाटायला धाडलेल्या साऱ्या पत्रिका. एकूणएक पत्रिकेवर मास्तरांच्या नावाआधी पेनानं श्री लिहिलेला, चांगला ठसठशीत.

मास्तर त्या पत्रिकांवर वाकले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मलाही भरून आलं.

मामा ओरडले, "आवं दाजी, फौंटनची शाई हाय ती, फुटंल! तिकडं तोंड करून रडा!"